न दिलेला दाखला

१४ मार्च, दुपार

प्रिय आत्या,

सलाम. बुटाचा तळ सोडला तर माझं सगळं जागेवर आहे. सध्या पाट्या रंगवणाऱ्याकडे काम करतोय. तो म्हणतो, तुझी अक्षरं तुझ्यासारखीच, एका जागी उभी राहत नाहीत. परवा दाताच्या डॉक्टरच्या पाटीवर तर... असो, ते भेटीत.

तुझं पत्र मिळालं. सगळ्या मंडळ्यांवर देखरेख करणाऱ्या प्रेसबितरीची माणसं आपल्या चर्चची यादी तपासून गेली. तीसच्या खाली सभासद असतील तर चर्च बंद करून मंडळी पुलापलीकडच्या मोठ्या चर्चमध्ये मिळवायची, आणि आपले भरले एकोणतीस! पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी शेवटचा निर्णय.

वाचलं आणि तिसरा बाक आठवला. उन्हाळ्यात वॉर्निशला पँट चिकटायची, उठताना चर्रकन आवाज व्हायचा. तू पायपेटीवरून मान न वळवता म्हणायचीस, "भिंगऱ्या, आमेन होऊ दे की!" तेव्हा माणसं दाराबाहेर उभी असायची. सगळे पांगले. कोण नोकरीपायी, कोण भांडून त्या टाळ्या वाजवणाऱ्या नव्या चर्चमध्ये.

आणि मी.

मी गाव सोडताना, मंडळीची चिटणीस म्हणून तू मला सभासदत्वाचा दाखला दिलास, नव्या गावच्या पाळकांना द्यायला. तिकडून पोच येईपर्यंत नाव आपल्याच यादीत राहतं, हे तूच शिकवलंस. पुढे फोनवर विचारलंस, "पोच कुठाय रे? दिलास ना?" मी म्हणालो, "दिला गं. त्यांचाच कारभार ढिला." माझ्या शब्दावर तू नाव खोडलंस.

आत्या, मी तो दिलाच नाही. तीन गावं झाली. एकदा तर पाळकांसमोर बसून चहा प्यायलो, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि उठून आलो. तो कागद हातातून गेला की मी तुमचा उरणार नाही, असं वाटायचं. तुला सांगायची मात्र लाज वाटली.

म्हणजे तिसावा मीच.

हे पत्र मंडळीचा कारभार पाहणाऱ्या सत्रातल्या सगळ्या वडिलांना वाचून दाखव. पोच नसताना नाव खोडलं म्हणून ते तुला बोलतील. खुशाल माझ्यावर ढकल, खोटं मीच बोललो.

मी आदल्या शनिवारी पोचतोय. खोडलेलं नाव पुन्हा लिहिता येत असेल, तर रविवारी मोजणीत हात वर करीन. येत नसेल, तर बाक उचलायला माणूस लागेलच.

सध्या कुठल्याच यादीत नसलेला, पण तुझाच,
भिंगऱ्या