ज्याची चिठ्ठी त्याच्या हातात

बाई,

तुम्हाला जाऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली, त्यामुळे मी काय काम करते ते आधी सांगायला हवं. कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या काचेच्या एका इमारतीत नवव्या मजल्यावर बसून मी एका परदेशी दुकानाच्या गिऱ्हाइकांना मराठीत आणि हिंदीत उत्तरं देते. दुकान व्हिडिओ गेमचं आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर खेळायच्या खेळांचं. त्याला दार नाही, फळी नाही, आणि हातात घेता येईल असा मालही नाही. गिऱ्हाईक घरबसल्या पैसे भरतं, खेळ त्याच्या पडद्यावर उतरतो, आणि त्याला वाटतं आपण तो विकत घेतला. तसं वाटावं म्हणूनच बटणावर 'विकत घ्या' असं लिहिलेलं असतं. खरं तर त्याने घेतलेली असते खेळण्याची परवानगी, आणि ती दुकानाला वाटेल तेव्हा काढून घेता येते. हे अटींच्या एकेचाळिसाव्या पानावर आहे. त्या पानाचं मराठी माझं आहे, आणि ते फार छान उतरलंय. एका बैठकीत मी सुचवलं होतं की बटणावर 'परवानगी घ्या' असं लिहू. आमची टीम लीडर माझ्या निम्म्या वयाची, गोड मुलगी आहे. ती म्हणाली, "दीदी, फिर दबाएगा कौन?" सगळे हसले. मीही हसले. पगार हसण्याचाही मिळतो.

आज सोमवार. परवा दुपारी बारा वाजता त्या दुकानातलं एका मुलीचं खातं कायमचं पुसलं जाणार आहे. ते थांबवायला चार ओळींचा एक अर्ज लागतो आणि तो फक्त मीच भरू शकते. भरण्याआधी कोणाशी तरी बोलावं असं वाटलं. जिवंत माणसांपैकी कोणी सुचेना.

तुमची चिठ्ठ्यांची पद्धत आठवते आहे. भवानीपूरची ती भाड्याची खोली, मराठी मंडळाच्या लायब्ररीची दोन लोखंडी कपाटं, आणि खाली मिठाईचं दुकान, त्यामुळे प्रत्येक मराठी कादंबरीला पाकाचा वास. बदलीवर आलेल्या रेल्वेच्या, बँकेच्या, विम्याच्या साहेबांच्या बायका आणि मुलं रविवारी नि बुधवारी पुस्तकं न्यायला यायची. पुस्तक नेताना तुम्ही चिठ्ठीवर नाव आणि तारीख लिहून ती दोऱ्यात ओवायचात. पुस्तक परत आलं की चिठ्ठी दोऱ्यातून काढून ज्याची त्याच्या हातात द्यायचात. "घे, सुटलीस." मग ती घरी न्या, फाडा, नाहीतर गॅलरीतल्या शेगडीजवळच्या डब्यात टाका. बहुतेक जण डब्यातच टाकायचे, आणि कोळसे पेटवायला तुम्हाला त्या व्हायच्या. कोणी काय वाचलं याची वही तुम्ही ठेवली नाहीत. मंडळाच्या सभेत कोणीतरी दरवर्षी वहीची मागणी करायचं आणि तुम्ही दरवर्षी ऐकू न आल्यासारखं करायचात.

मी चौदा वर्षांची. रविवारी कपाटं पुसायला मदत करते आहे, आणि डब्यातल्या चिठ्ठ्या उलगडून वाचते आहे. हळदीकुंकवाला अध्यात्मावर बोलणाऱ्या एक काकू दर आठवड्याला खुनाची कादंबरी नेतात, हा शोध मला लागतो आणि तो मी जिन्यात दोन मैत्रिणींना रंगवून सांगते. काकू मागेच असतात. त्या दोन महिने येत नाहीत. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "कोणी वाचलं ते पुस्तक सांगतं का कुणाला? मग तू कोण सांगणारी?" असं विचारलंत, तीन खुनाच्या कादंबऱ्या माझ्या हातात दिल्यात आणि त्या काकूंच्या घरी पाठवलंत. "तिथे माफीबिफी मागत बसू नकोस. पुस्तकं दे आणि निघ." काकूंनी माझ्याकडे न बघता पुस्तकं घेतली. माझ्या तोंडाला लगाम बसला नाही तो नाहीच, पण दुसऱ्याच्या चिठ्ठीला मी पुन्हा हात लावला नाही. दीड महिन्यापूर्वीपर्यंत.

दीड महिन्यापूर्वी मराठीत एक अर्ज आला. आमच्याकडे मराठी अर्ज म्हणजे महिन्यातून एखादा, तोही शिव्यांचा. हा शुद्ध, सुरेख, 'कळावे' वगैरे. लिहिणारे गृहस्थ बजबजच्या एका तेलाच्या डेपोत अधिकारी. खात्याची पूर्ण माहिती हवी होती. मी नियमाप्रमाणे खातरजमेचा फोन केला. त्यांनी माझं मराठी ऐकलं आणि म्हणाले, "अहो ताई, तुम्ही आपल्याकडच्या कुठल्या?"

"माहेर साताऱ्याचं."

"मग घरच्याच की. आमचं कराड. इथे काय, सकाळपासून हिंदी बोलून जबडा दुखतो बघा."

मला हसू आलं. किती दिवसांनी कोणी मला 'बघा' म्हणालं होतं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "खातं माझ्या नावावर आहे, पण खेळते लेक. बारा वर्षांची होती तेव्हा काढून दिलं. आता एकोणीसची आहे. रागावून निघून गेलीय. कुठे आहे, कोणाबरोबर आहे, एवढं कळलं तरी जीव भांड्यात पडेल."

माझ्यासमोर पडद्यावर एक प्रश्न होता: हे खातं खातेदाराखेरीज दुसरं कोणी वापरतं का? 'हो' म्हटलं की अर्ज दुसऱ्या विभागात जातो, आणि ते आधी वापरणाऱ्याला विचारतात. मी 'नाही' वर खूण केली. 'नाही' म्हणा असं त्यांनी मला सांगितलंही नव्हतं, बाई. तो प्रश्न मी त्यांना विचारलाच नाही.

त्यांना सतरा पानं गेली. ती कधी आत आली, कधी बाहेर पडली, कोणत्या शहरातून, कोणाशी किती मिनिटं बोलली, काय घेतलं, काय घ्यावं की नाही म्हणून किती वेळ बघत राहिली. जन्म देणाऱ्या आईलाही पोरीबद्दल एवढं ठाऊक नसतं. पानांच्या वर मीच कधीतरी लिहिलेलं वाक्य होतं, 'तुमची माहिती मिळवणं हा तुमचा हक्क आहे'. हक्क बजावला गेला. आठ दिवसांनी त्यांचं दुसरं पत्र आलं. लेक बेंगळुरूत सापडली, घरी आणली, तुमचे उपकार कसे फेडू, आता हे खातं कायमचं बंद करा. बंद झालेलं खातं आमचं दुकान तीस दिवस बाजूला ठेवतं, मग पुसतं.

मंगळवार. काल इथे थांबले, कारण पुढचं लिहायचं म्हणजे गेल्या आठवड्यात आलेलं त्या मुलीचं पत्र पुन्हा उघडावं लागणार होतं.

ते पत्र अडखळत्या मराठीत आहे, इथे वाढलेल्या मुलांचं असतं तसं. 'तुम्ही पप्पांना जे कागद दिले ते डायनिंग टेबलवर असतात. पप्पा पाहुण्यांना पण दाखवतात. त्याच्यावर तुमचं नाव मराठीत आहे म्हणून मी मराठीत लिहिते. माझा फोन घेतला आहे. हे मी शेजारच्या काकिमांच्या फोनवरून लिहिते. गेम्स मी ट्यूशनच्या पैशांनी घेतले होते, गिफ्ट कोड आणून. पण गेम्स जाऊ दे. ज्यांच्या घरी मी राहत होते ते लोक मला फक्त तिथेच भेटतात. त्यांचे नंबर मला पाठ नाहीत. पप्पांची बदली झाली, पुढच्या महिन्यात आम्ही जाणार. अकाउंट गेला की मी कुठे आहे ते त्यांना कळणार नाही. प्लीज पप्पांना सांगू नका की मी लिहिलं.'

टीम लीडरला दाखवलं. तिने वाचलं, खरंच तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "दीदी, अकाउंट बाप का है. हम क्या करें? एकतालीस नंबर पेज भेज दो." म्हणजे माझंच पान. विकत घेणाऱ्याचा हक्क नाही कारण तिने काही विकत घेतलंच नाही, आणि माहिती लपवण्याचा हक्क नाही कारण कागदोपत्री ती त्या खात्यात कधी नव्हतीच. सात वर्षं रोज खेळलेली मुलगी, आणि आमच्या लेखी तिथे एक पन्नाशीचे गृहस्थ तलवार घेऊन उड्या मारत होते.

ते पान मी पाठवलं नाही. दुसरंही काही पाठवलं नाही. पत्र 'विचाराधीन' करून ठेवलंय. तिचा पत्ता माझ्यासमोर आहे. सियालदहहून बजबजची लोकल धरली की तासाभराचाही रस्ता नाही. पण दार उघडणार ते गृहस्थ, आणि 'या ताई' म्हणून चहा ठेवणार.

उरतो तो अर्ज. चूक-दुरुस्तीचा. प्रकरण कोणतं, चूक कोणती, कोणाकडून झाली, सही. तो गेला की पुसणं थांबतं आणि चौकशी सुरू होते. चौकशीत माझी ती खूण निघेल, आणि फोनवरचं सगळं बोलणं तर ध्वनिमुद्रित आहे. त्यात 'मग घरच्याच की' वर मी हसलेलं ऐकू येईल. माझं कंत्राट पुढच्या महिन्यात नवं व्हायचं आहे. पंचेचाळिशीनंतर या मजल्यावर दुसऱ्यांदा कोणी घेत नाही.

बुधवार. सुट्टी घेतली आहे, अर्ज शांतपणे भरायचा म्हणून. दहा वाजलेत. आधी तो दिवस लिहून काढते, मग भरते.

मी वीस वर्षांची. आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, माझं लग्न साताऱ्याकडे ठरवलेलं, आणि मी दर बुधवारी लायब्ररीचं नाव सांगून बहूबाजारला टायपिंग-शॉर्टहँड शिकायला जात होते. नोकरी आणि हॉस्टेल, एवढाच माझा बेत. तुम्हाला मी तो सांगितला नव्हता, पण बुधवारी मी दिसत नाही हे तुम्हाला दिसतच होतं. अण्णांना कुणकुण लागली. एका रविवारी ते गार्डन रीचच्या क्वार्टरमधून मला बरोबर घेऊन टॅक्सीने आले. रेल्वेतले मोठे साहेब, मंडळाचे चिटणीस. तुम्ही त्यांना बघितलंत, मग मला बघितलंत, आणि म्हणालात, "बसा. चहा घेतल्याशिवाय बोलायचं नाही."

अण्णा म्हणाले, "चहा नको. बुधवारी ही इथे येते की नाही, एवढं सांगा."

तुम्ही गॅलरीत शेगडीपाशी बसला होतात. डबा घेतलात आणि चिठ्ठ्या एकेक करून कोळशांखाली सारायला लागलात. घाई नाही. प्रत्येक चिठ्ठीची सुरळी, मग काडी. आलं ठेचलंत. खाली मिठाईवाल्याला हाक मारून मातीचे भांड, म्हणजे इथले कुल्हड, मागवलेत, कारण साहेबांना कप चालणार नाही असं काहीतरी म्हणालात. अण्णा उभेच. "बाई, तारखा असतील ना चिठ्ठ्यांवर?"

"असतात की."

"मग दाखवा."

"त्याच पेटवतेय, साहेब. तुमचाच चहा होतोय."

त्या डब्यात माझ्या बुधवारांच्या चिठ्ठ्या नव्हत्या. नव्हत्या, हेच त्यांना दिसलं असतं. तुम्ही शेवटची चिठ्ठी सारलीत, दूध ओतलंत, आणि चहा वर येईपर्यंत कोळसे फुंकत राहिलात. माझ्याकडे बघितलंही नाहीत. मग भांड त्यांच्यापुढे धरलात. त्यांनी तो घेतला, बाई. इतके संतापले होते की न घेणं त्यांना सुचलं नाही. उभ्या उभ्या प्यायले, भांड गॅलरीतून खाली फोडला, आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी चाव्या खजिनदारांकडे द्या."

"देते," तुम्ही म्हणालात. "साखर बरोबर होती ना?"

पुढच्या रविवारी टेबलावर वही होती. नाव, पुस्तक, तारीख, सही. तुम्ही पुन्हा त्या खोलीत आला नाहीत. तोवर माझी परीक्षा झाली होती, दीड महिन्यात नोकरी लागली आणि मी काळीघाटच्या हॉस्टेलवर गेले. तुमचं घर तिथून चालत वीस मिनिटांवर होतं. मी गेले नाही. आधी लाजेने, मग कामाच्या रगाड्याने, मग तुम्ही गेल्याचं कळलं. तुम्ही बक्षीस दिलेलं पुस्तक अजून आहे. "हे तुझं. यावर पाणी सांड, कोणाला दे, रद्दीत घाल. मी विचारणार नाही," म्हणाला होतात, आणि खरंच कधी विचारलं नाहीत. त्याला अजून पाकाचा थोडा वास येतो, की मला वाटतं, ते सांगता येत नाही. आणि ते चहातलं आलं. आलं तुम्ही ठेचायचात ते कपाटाच्या कुलपाने. हे मी कसं विसरले होते.

गुरुवार. आज ऑफिसात खातं उघडून बघितलं. 'अशी नोंद अस्तित्वात नाही' असं आलं. तेही मराठी माझंच.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही म्हणून खोटं बोलण्यात अर्थ नाही. मी धीर गोळा करत होते असं म्हणायचं मनात होतं. पण अर्ज समोर उघडा होता, चार ओळींचा, आणि मी घड्याळ बघत होते. मुदत काल दुपारी बाराला संपली, बाई. काल दुपारी मी तुमच्या चहाबद्दल लिहीत होते.