तिसरा गिअर पडत नाही

३ मार्च, सोमवार

आजपासून नोंदी ठेवणार. भावना वगैरे लिहिणार नाही. फक्त गाडीसंबंधी, तांत्रिक.

बायको गेल्यापासून गाडी खाली पार्किंगमध्ये उभी आहे. गाडी हिची. जपानी, आमच्या लग्नाच्याही आधीची, चार गिअरची. हिने स्वतःच्या पगारातून सेकंडहँड घेतली आणि शेवटपर्यंत स्वतःच चालवली. मी शेजारी बसत असे. लायसन माझ्याकडेही आहे.

लेकीचा फोन. तिच्या ऑफिसातल्या कुणाला जुन्या गाड्यांचा नाद आहे. तीस तारखेला तो बघायला येणार. बाबा, तुम्ही काही ती चालवत नाही, पडून पडून सडेल, त्यापेक्षा देऊन टाकू. मी म्हणालो, एकोणतीसला मीच ती चालवत तुझ्या घरी येतो, मग बोल. ती गप्प झाली. हे गप्प होणं आईकडून आलंय. शेवटी म्हणाली, ठीक आहे, आलात तर गाडी राहील.

म्हणजे ठरलं. यात अवघड काय आहे?

४ मार्च, मंगळवार

नवी बॅटरी टाकली. गाडी पहिल्या चावीला सुरू. श्रेय माझं.

सोसायटीत एक फेरी मारली. पहिला आणि दुसरा कुरकुरत पडले. तिसरा पडेना. खर्रर्र. पुन्हा खर्रर्र. वरच्या मजल्यावरच्या काकांनी गॅलरीतून विचारलं, काय दळताय? या माणसाला कामधंदा नाही.

इंटरनेटवर वाचलं. निदान सोपं आहे. गिअरच्या आतल्या पितळी रिंगा झिजल्या. बॉक्स बाद.

हिने कधी बोलून दाखवलं नाही. इतकी वर्षं असली गाडी चालवत होती आणि मी शेजारी बसून होतो. राग आला. कुणाचा, ते लिहीत बसत नाही.

६ मार्च, गुरुवार

दुरुस्ती नाही. बदलीच. त्याच कंपनीचा, त्याच काळातला पाच गिअरचा बॉक्स या इंजिनाला बसतो. एक गिअर जास्तच.

अडचण एवढीच की बाहेरून सगळे बॉक्स सारखे दिसतात. ॲल्युमिनियमचे लांबट दुधीभोपळे. लोक बोल्ट मोजतात, स्पीडोमीटरची केबल कुठल्या बाजूने निघते ते बघतात. हे सगळं अंदाजपंचे. खरी ओळख म्हणजे इंजिनाकडच्या घंटेसारख्या तोंडावर ओतकामातच उठवलेला नंबर. पाच गिअरवाल्याचा नंबर शोधून पाठ केला. पाणीखात्यात जन्म मीटरवरचे नंबर वाचण्यात गेला. माणसं खोटं बोलतात, नंबर बोलत नाही.

दुपारी हिच्या मावसबहिणीचा फोन. कसे आहात म्हणून. बरा आहे म्हटलं. पुन्हा विचारलं, खरंच कसे आहात. गिअरबॉक्स शोधतोय म्हटलं, तर रडायला लागली. रडण्यासारखं काय आहे त्यात?

८ मार्च, शनिवार

भंगारबाजार. जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्याकडे गेलो. त्याने एका कोपऱ्यात बोट दाखवलं आणि म्हणाला, सगळे एकच, कुठलाही उचला. मी वायर-ब्रशने एकेक तोंड घासून नंबर वाचायला बसलो. तासाभराने तो शेजारी येऊन उभा राहिला.

"साहेब, बॉक्स विकत घ्यायचाय की दत्तक?"

नंबर सापडला होता. अंकाला अंक जुळला. जुना बॉक्स निघाला की बदल्यात त्याला द्यायचा असं ठरलं.

घरी येईपर्यंत एकटाच हसत होतो. मग राग आला. सांगायला कुणी नाही म्हणून नव्हे. रिक्षावाल्याने डिकीत ठेवताना बॉक्स आपटला म्हणून.

१२ मार्च, बुधवार

मिस्त्री आला. येतानाच बोलत आला. असल्या गाड्या त्याने डोळे मिटून उघडल्या आहेत म्हणे. आधी एक चक्कर मारून बघतो, म्हणाला. मी नाही म्हटलं. त्याचे कपडे ग्रीसने माखलेले. त्या सीटवर कुणी बसायचं नाही. न चालवता मला कसं कळणार, म्हणाला. मी सांगतोय ना काय झालंय ते, म्हटलं. पेपर अंथरून बसतो, म्हणाला. नाही म्हणजे नाही.

तोंड फुगवून गाडीखाली शिरला. शिरू दे. काम हाताने करायचं असतं, बसून नाही.

१६ मार्च, रविवार

जुना बॉक्स निघाला. भंगारवाल्याचा टेम्पो येऊन घेऊन गेला. बरं झालं, ब्याद गेली.

नवा चढवला. बोल्टाला बोल्ट बसला. मिस्त्रीला म्हटलं, बघ, याला म्हणतात नंबर. त्यानेही मान डोलावली, आपल्यामुळेच बसला असा चेहरा करून.

संयम ठेवल्यास काहीही साध्य होते. हे वाक्य लेकीला पाठवलं. अंगठा आला.

१७ मार्च, सोमवार

क्लचची प्लेट बॉक्सच्या दांड्यावर शिरत नाही. दाते वेगळे.

गिअरचा दांडा मधल्या भोकातून वर येत नाही. वीतभर मागे येतोय, पत्र्याखाली.

बॉक्सही लांब, त्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट आता जास्त लांब पडतोय.

मिस्त्री बराच वेळ खालीच पडून होता. मग बाहेर येऊन म्हणाला की ते घंटेसारखं तोंड वेगळं निघतं. चार-सहा बोल्ट काढायचे, कुठल्याही बॉक्सला लावायचं. कुणीतरी पाच गिअरवाल्याचं तोंड भलत्याच गाडीच्या बॉक्सला लावलंय.

"टोपीवरचा नंबर वाचलात साहेब, डोकं दुसऱ्याचं निघालं."

मग कालपासून मान कशाला डोलावत होतास, असं विचारलं. तो म्हणाला, तुम्ही इतक्या खात्रीने सांगत होता. मी त्याला घरी जायला सांगितलं. अर्ध्या तासाने फोन करून परत बोलावलं.

यात माझी चूक नाही. नंबर बरोबरच वाचला होता.

२० मार्च, गुरुवार

माघार नाही. याही बॉक्सला पाच गिअर आहेतच. फक्त पाच गिअर असलेला दुसऱ्या गाडीचा बॉक्स. प्लेट जुळणारी मिळाली. शाफ्ट लेथवाल्याकडे कापायला दिला.

गाडीचा पत्रा कापावा लागेल. मिस्त्री ग्राइंडर घेऊन उभा राहिला आणि मी वर निघून आलो. खिडक्या लावून घेतल्या. तरी आवाज येत होता. वरचे काका दार वाजवून विचारायला आले, बरं वाटत नाही का. या सोसायटीत माणसाला डोकं दुखायचीही सोय नाही.

संध्याकाळी भोक पाहिलं. चौकोनी आहे. म्हटलं तर सुबक आहे.

२४ मार्च, सोमवार

झालं. पाच गिअर. मिस्त्रीने दारातूनच वाकून हाताने क्लच दाबला आणि पाचही पाडून दाखवले. पुढची चाकं जमिनीवर, मागची जॅकवर, इंजिन चालू. एक आवाज नाही.

तो गेल्यावर चालवायला घेतली. पहिला, कुरकुर. दुसरा, कुरकुर. तिसरा, खर्रर्र.

उभ्या गाडीत काय, कुठलाही पडेल.

२५ मार्च, मंगळवार

भंगारवाल्याकडे जाऊन भांडलो. आयुष्यात एवढ्या मोठ्याने बोललो नव्हतो. मला सदोष माल दिलास, जॅकवर गप्प आणि रस्त्यावर खर्रर्र, म्हटलं. तो शांतपणे ऐकत होता, त्याने आणखी चिडलो. म्हणाला, झिजलेला असता तर मिस्त्रीने जॅकवर पाडला तेव्हा ओरडला असता. मी म्हटलं, जुन्यात होता तोच दोष याच्यात आहे. तो म्हणाला, दोन बॉक्सना एकच आजार कसा होईल, साहेब?

होऊ शकतो. त्या काळातलं पितळच हलकं असणार. मिस्त्रीला तिसऱ्या बॉक्सबद्दल फोन केला. तो उचलत नाही.

२८ मार्च, शुक्रवार

लेक न सांगता आली. म्हणे, मी फोनवर ओरडलो. मिस्त्रीला ओरडत होतो, चुकून तिला लागला असेल. रात्री जेवलो. तिने गाडीचा विषय काढला नाही. उद्याचं सांगावं लागणार.

२९ मार्च, शनिवार

सकाळी तिला दाखवलं. बॉक्सचा दोष ऐक, म्हटलं. ती शेजारी बसली. पहिला, दुसरा. तिसऱ्याला खर्रर्र. बघ, म्हटलं.

ती माझ्या पायाकडे बघत होती. म्हणाली, क्लच पूर्ण दाबा. दाबतोय, म्हटलं. म्हणाली, नाही बाबा, गुडघा स्टीअरिंगला अडतोय, तुम्ही नुसत्या बोटांनी दाबताय, तो अर्धाच जातोय. सीट मागे घ्या.

मी म्हटलं, सीट बरोबर आहे.

"बाबा, आई पाच फूट होती."

मी म्हटलं, सीट आहे तिथे आहे. तिला कुणी हात लावायचा नाही. उतरून दार आपटलं. दार पुन्हा उघडलं, कारण नीट लागलं नव्हतं, आणि पुन्हा लावलं.

मग तसाच भंगारबाजारात गेलो. जुना बॉक्स परत हवा, म्हटलं. भंगारवाला म्हणाला, तो कधीच गेला. उघडून पाहिला होता, आतून नव्यासारखा होता. इतकी वर्षं चाललेला वाटतच नव्हता. चालवणाऱ्याचा हात फार हलका असणार, म्हणाला. कुणाच्या गाडीत बसवला ते त्याला माहीत नाही.

हो, म्हटलं. हलका होता.

बसायला स्टूल दिलं त्याने. मी बसलो नाही.

सीट तशीच ठेवण्यासाठी मी हिचा बॉक्स देऊन टाकला, शाफ्ट कापला, पत्रा कापला. हे असं लिहिलं की मूर्खपणाचं दिसतं. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीला कारण होतं.

३० मार्च, रविवार

गिऱ्हाईक आलं. तरुण, नम्र. उकिडवं बसून पत्र्यातलं भोक पाहिलं. मूळचा बॉक्स कुठे आहे, विचारलं. नाही, म्हटलं. त्याला वाईट वाटलं. मूळची असती तर लगेच नेली असती, म्हणाला. अर्धा चहा ठेवून गेला.

म्हणजे गाडी राहिली. जिंकलो. लेकीला तसं सांगितलं. हो बाबा, म्हणाली.

संध्याकाळी तिला घरी सोडायला निघालो. मी चालवते, म्हणाली. नको, म्हटलं. सीटखालचा दांडा गंजून बसला होता. मी वरून ढकलत होतो, ती खालून ओढत होती. सीट एकदम मागे गेली. पाय लांब झाले. आरशात छत दिसायला लागलं, तोही फिरवावा लागला.

पहिला पडला. दुसरा. तिसरा.

तिच्या घरापर्यंत खर्र कुठे होतंय ते ऐकत गेलो. कुठेच नाही. इतका राग आला की सिग्नलला गाडी बाजूला घेऊन थांबवावी लागली. लेकीने विचारलं, काय झालं.

म्हटलं, काही नाही. बॉक्स चांगला निघाला.