पुरस्कारासाठी धुतलेला फेटिया

३ नोव्हेंबर, सोमवार
फॉर्ममध्ये रोजच्या कामाची वही मागतली आहे. ती वेगळी केली. तिच्यात चांगलं चांगलं लिहीन. ही वही माही. इथं खरं.

दिग्रसहून बशीरभाई आलता, फाटके पुस्तकं शिवाले. त्यानंच जाहिरात आणून देल्ली. नागपूरची एक संस्था पुरस्कार देते. वाचनालयात अन् म्युझियममध्ये काम करणाऱ्यांसाठी. ट्रेनिंग, शाल, सर्टिफिकेट. म्हणे, पंचफुलाताई, भरून पाहा. मी म्हणलं, पाहाचं काय त्यात, भेटलाच समजा. एकाच खोलीत वाचनालय अन् म्युझियम चालवणारी बाई, तेही तांड्यात, दुसरी दाखवा मले.

अकरा वर्ष झाले, किल्ली माह्या कमरेले आहे. पहिले नुसता झाडू मारत होती. ग्रंथपाल पोरगा सोडून गेला तवापासून मीच ग्रंथपाल. चौथी पास आहो. आतापर्यंत एक पुस्तक हरवलं नाई. मी कोणाले घरी नेऊच देत नाई.

पुरस्कार पाह्यजेच. सरपंच रूपसिंगभाऊले खोलीत जिम टाकाची आहे. मशीना येऊन त्याच्या अंगणात ताडपत्रीखाली उभ्या आहेत. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव. मी तोंडावर इचारलं, सर्टिफिकेट आणून दाखवलं तर? म्हणे, आण पहिले, मंग पाहू. खोली गेली तर मले पुन्हा कापूस वेचाले जा लागते. या गुडघ्यांनी. नाई.

४ नोव्हेंबर, मंगळवार
दुपारी तीन वाजता हंसाबुढी आली. दर मंगळवारी येते. तिच्या लग्नाचा फेटिया, आमचा बंजारा घागरा, आपल्या कपाटात आहे. तिच्या याडीनं, म्हणजे मायनं, स्वतः शिवलेला, आरसे, कवड्या, सगळं हातचं. लग्नानंतर दोन वर्षांत याडी मेली. बुढीनं तो मले सांभाळाले देल्ला. घरी सुना पोछा करतीन म्हणे.

बुढीले दिसत नाई. मांडीवर घेते, बोटं फिरवते, नाकाशी नेते, अर्धा तास बसते, जाते. मी रजिस्टरमध्ये तिले वाचक म्हणून लिहिते. मोबाईल चार्जिंगले येणारे पोट्टेबी वाचकच. बसतात ना खोलीत.

फेटिया खूप मळला आहे, हे आज डोळ्यात भरलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार
बुढी आली नाई. तिच्या पोरीनं डोळ्याच्या ऑपरेशनले यवतमाळले नेलं, मंग दोन महिने पुसदले ठेवणार. या वयात ऑपरेशन करून काय दिसणार हाय?

राखीनं फॉर्म वाचून दाखवला. सून बारावी आहे, तोंड पंधरावी आहे. प्रश्न सातवा: वस्तू चांगल्या राहाव्यात म्हणून तुम्ही काय केले? आधीचा व नंतरचा फोटो जोडा.

अकरा वर्ष कुलूप लावलं, हे फोटोत कसं दिसणार? काहीतरी करा लागते. राखीले सर्व वस्तूंचे आधीचे फोटो काढाले लावले. ठराव: उद्यापासून साफसफाई. ठराव दोन: कोणावर वरडायचं नाई.

१३ नोव्हेंबर
बैलाची पितळी घंटा चिंचेनं घासली. सोन्यासारखी चमकून राह्यली. बुडाशी कोणीतरी काहीतरी खरवडून ठेवलं होतं, तेबी घासून काढलं. सेवादास जेवता जेवता म्हणे, ते खरवडलेलं माह्या आज्याचं नाव होतं, डोमाजी. मी म्हणलं, मंग अकरा वर्षात सांगतलं काहून नाई? नवऱ्याले घंटेचा पुळका आत्ता आला.

१५ नोव्हेंबर
धान मोजायची लाकडी पायली ऑइलपेंटनं हिरवी केली. शाळेच्या दाराचा रंग उरला होता. एकदम नवी कोरी.

पोट्ट्यांवर वरडली. रंगाले बोट लावत होते.

१९ नोव्हेंबर
बशीरभाईले पायली दाखवली. उलटी करून पाह्यली. म्हणे, ताई, जुन्या चीजेले नुसता ब्रश फिरवाचा, बाकी काही करू नका. मी म्हणलं, भाई, तुमी पुस्तकाले नवीन पुठ्ठा लावता ते चालते, अन् मी लावलेला रंग चालत नाई? म्हणे, पुठ्ठा लावतो, आतली अक्षरं नाई धूत. च्या पिऊन गेला. याले पुरस्कार भेटाचा नाई म्हणून जळते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
फेटिया धुवाले टाकला. टबात गरम पाणी, पावडर, दोन झाकणं.

दुपारी १
पाणी लाल झालं. साठ-सत्तर वर्षांचा मळ, निघणारच.

दुपारी २
पाणी बदललं. पुन्हा लाल. किती मळ बाप्पा.

दुपारी ४
राखी आली, टबात पाह्यलं. म्हणे, बाई, मळ लाल नसते. मी म्हणलं, तुह्या माहेरी नसन.

२२ नोव्हेंबर
वाळला. पांढरा धागा गुलाबी झाला. लाल होता तो विटकरी झाला. टबात सतरा आरसे भेटले. कवड्या पिवळ्या पडल्या. घेर आखडला.

रात्रभर झोप नाई. हंसाबुढीले दिसत नाई हे चांगलं आहे. देवाचं काम असं असते, एकाचं बंद करते अन् दुसऱ्याचं भागवते.

२४ नोव्हेंबर
दिग्रसचा बाजार केला. लाल रंगाचं पाकीट अन् प्लास्टिकचे आरसे आणले. रंगवला. आरसे चिकटवले, शिवत कोण बसते? कवड्याइले पांढरं नेलपॉलिश. आता लखलख करते. पहिल्यापेक्षा भारी.

राखी म्हणे, बाई, आता हा बँडवाल्याचा ड्रेस दिसते. नंतरचा फोटो तिच्याकडूनच काढून घेतला. काढताना हसून राह्यली होती, फोटो हलला. पुन्हा काढाले लावला.

३० नोव्हेंबर
फॉर्म गेला. प्रश्न सातव्याचं उत्तर सगळ्यात लांब. बोलली मी, लिहिलं राखीनं.

८ डिसेंबर
ठराव: भाषण पाठ करायचं. सुरुवात, मान्यवरहो. पुढचं सुचल तसं. निळी साडी घेतली. सेवादास म्हणे, पहिले रिझल्ट तर येऊ दे. या माणसानं आयुष्यभर रिझल्टचीच वाट पाह्यली.

१८ डिसेंबर, गुरुवार
नागपूरच्या मॅडम पाहणीले आल्या! चष्मा, कॉटनची साडी, सोबत कॅमेरा. घंटा पाहून इचारलं, कधीची आहे? म्हणलं, शंभर वर्षांची, पण पाहा, कालची वाटते. त्यांनी पायलीवर नख फिरवून पाह्यलं.

मंग फेटिया. आधीचा फोटो हातात धरला, एकडाव फोटोकडे, एकडाव फेटियाकडे पाहत राह्यल्या. खुर्चीवर बसल्या, पाणी मागतलं. भारावून गेल्या. मंग फोटो काढले, जवळून, उलटून, अस्तराचेबी. चाळीस तरी. इतके फोटो माह्या लग्नात निघाले नाई.

इचारलं, हा कोणाचा? हंसाबुढीचं सांगतलं. म्हणे, त्यांनी पाह्यला? मी म्हणलं, तिले दिसत नाई. मॅडमनं माह्या खांद्यावर हात ठेवला. असा हात कोणावरबी ठेवत नसतात.

रूपसिंगभाऊ दारात उभा राहून पाहत होता. म्हणलं, ताडपत्री अजून घट्ट बांध.

५ जानेवारी, सोमवार
पत्र आलं! नागपूरले १४ अन् १५ तारखेले ट्रेनिंग. पुरस्कारबी तिथंच. तुमच्या वस्तूंचे फोटो पडद्यावर दाखवायचे आहेत, परवानगी द्या, येण्याजाण्याचं तिकीट आमचं. पुरस्कार कोणाले ते लिहिलं नाई. ते काय लिहून सांगतात? राखीले म्हणलं, ज्याचे फोटो पडद्यावर त्याचाच पुरस्कार. ती म्हणे, बाई, पेढे परत आल्यावर वाटा. तांडाभर वाटले.

१२ जानेवारी
हंसाबुढी रविवारी येणार, पोरीचा फोन होता. ऑपरेशन मस्त झालं, म्हणे आता पेपर वाचते बुढी.

पेपर वाचते.

काही नाई. पुरस्कार घेऊन येईन, शाल अंगावर असेल. शालवाल्या बाईले कोण इचारते?

१५ जानेवारी, गुरुवार, नागपूर स्टँड
लिहू का नको. लिहिते.

हॉल मोठा, दीडशे लोकं. मी दुसऱ्या ओळीत, निळी साडी. मॅडमनं पडद्यावर पहिला फोटो लावला. आपला फेटिया, आधीचा. सगळा हॉल वा म्हणे. कोणीतरी टाळी वाजवली. मले वाटलं नाव पुकारलं. मी उभी राह्यली. हात जोडले, मागं वळली, सगळ्यांकडे पाहून मान्यवरहो म्हणलं.

तवा दुसरा फोटो लागला. नंतरचा.

मॅडम पडद्याकडे पाहून बोलून राह्यल्या होत्या. त्यांनी माहं नाव घेतलं नाई, गावबी नाई. म्हणे, हे कोणी केलं ते महत्त्वाचं नाही, आपल्या सगळ्यांच्या हातून होऊ शकतं. पण उभी कोण होती? मीच. पुढचा एक माणूस हसला. मले बसताबी येईना. बाजूच्या बाईनं पदर ओढून बसवलं.

मंग शिकवलं. पाणी नाई, साबण नाई, चिंच नाई, रंग नाई, गोंद नाई. कोरडा नरम ब्रश. जुना कपडा सुती पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवा. कोणी देल्ला त्याचं नाव अन् गोष्ट लिहा. वहीत सगळं उतरवून घेतलं. हात थांबवला तर डोळे वर करा लागत होते.

पुरस्कार राळेगावकडच्या एका पोरीले. तिनं काय केलं? काहीच नाई. हातच लावला नाई. वस्तू होत्या तशा ठेवल्या अन् देणाऱ्या म्हाताऱ्यांचं बोलणं लिहून काढलं. दीडशे लोकं उभे राहून टाळ्या. आता उभं राहाचं होतं तवा मी खुर्चीत बसून.

मले सहभागाचं सर्टिफिकेट. सगळ्यांले होतं.

१६ जानेवारी
घरी कोणाले काही सांगतलं नाई. सर्टिफिकेट फ्रेम केलं. लांबून पाह्यलं तर पुरस्कारासारखंच दिसते. ठराव: ग्रामसभेत लांबूनच दाखवायचं.

२० जानेवारी, मंगळवार
तीन वाजता बुढी आली. एकटी आली, काठी नाई. दारातून म्हणे, पंचफुला, तू तर म्हातारी झाली वं.

कपाट उघडलं. किल्ली लवकर लागेना. फेटिया हातात देल्ला. बुढीनं उजेडात धरला.

म्हणे, हा कोणाचा?

म्हणलं, तुमचाच. नवीन डोळे आहेत बाई, आता सगळंच नवं दिसन.

म्हणे, मंग तुहं तोंड काहून नवं नाई दिसत?

तिनं एक आरसा नखानं उचलला, तो निघाला. प्लास्टिकचा. तळहातावर घेऊन पाहत राह्यली. इचारलं, धुतला? म्हणलं, हो. पुरस्कारासाठी. तिनं नाकाशी नेला. परत नेला.

म्हणे, याडीचा वास येत होता यात. तेवढाच उरला होता.

फेटिया माह्या हातात ठेवला. म्हणे, ठेव तुह्याजवळ, हा तुवाच केला आहे. गेली. वरडली असती तर बरं झालं असतं. मले वरडणाऱ्याले उत्तर देता येते.

२६ जानेवारी, सोमवार
ग्रामसभा. फ्रेम लांबून दाखवली. रूपसिंगभाऊनं माईकवर सांगतलं, जवळ आणा. मंग मोठ्यानं वाचलं: सहभाग. म्हणे, पंचफुलाबाईनं सहभाग घेतला त्याबद्दल टाळ्या. वाजल्या. मंग जिमचा ठराव. हात वर झाले. राखीनं केला नाई. सेवादासनंबी केला नाई. बाकी सगळ्यांनी.

पुस्तकं शाळेच्या पेटीत गेले. वस्तू माह्या घरी. संध्याकाळी मशीना आल्या. रूपसिंगभाऊ म्हणे, जिमले झाडूवाली लागन, किल्ली राहू दे तुह्याकडेच.

२७ जानेवारी, मंगळवार
तीन वाजता खोलीत होती. कायले गेलती कोण जाणे. पुसाले.

बुढी आली. मले वाटलं नव्हतं येईन. इकडं तिकडं पाह्यलं, बसाले जागा नाई म्हणून सायकलच्या मशीनवर बसली. पाय खाली लागत नव्हते. म्हणे, आज दाखवाचा नाई काय?

घरून आणला. पांढऱ्या सुती कापडात गुंडाळलेला होता, शिकवलं तसा. तिनं मांडीवर घेतला अन् नवे डोळे दोन्ही मिटले. बोटं फिरवली. टाक्यावरून टाक्यावर, हळू हळू. म्हणे, डोळे मिटले की सगळं आहे तिथंच आहे. मले एकदम उभारी आली. म्हणलं, पाहा, मी म्हणतच होती.

मंग तिनं नाकाशी नेला.

घडी केली. कापडात पहिल्यासारखा गुंडाळून देल्ला. उतरवा लागलं तिले, मशीन उंच आहे.

ती गेल्यावर मीबी वास घेऊन पाह्यला. पावडरचा येते.

उद्यापासून मशीना पुसायच्या. कोरड्या फडक्यानं. पाणी लावायचं नाई.