ओवाद्यापुढे म्हणायचा राहिलेला शब्द

मी, मेनाशे मोल्खो, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार हैफा, गोदीतला निवृत्त क्रेनचालक आणि कामगार संघटनेचा वक्ता, पूर्ण शुद्धीवर, कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. माझ्यावर दडपण आणणारा माणूस अजून जन्मायचाय.

घर आणि बँकेतली शिल्लक मुलगी झिव्हा हिला. पुस्तकं संघटनेच्या वाचनालयाला. समासात मी लेखकांशी भांडलो आहे, ते कुणी खोडू नये. बुद्धिबळाचा पट माझा मित्र याकोव्ह याला. एकटा खेळला तर तो कधीतरी जिंकेल.

सभेतला माझा कर्णा मात्र मोडून टाकावा. संपाच्या तिसऱ्या दिवशी त्यातूनच मी माझा जोडीदार ओवाद्या कोव्हो याला चारशे माणसांसमोर फितूर म्हटलं. संप मोडून तो फाटकाच्या आत गेला होता, हे खरं. पण जहाजावर तहानेनं हंबरणाऱ्या वासरांना पाणी पाजायला. मला हे दोन दिवसांत कळलं. तो एवढंच म्हणाला, "मेनाशे, एकदा 'स्लिखा' म्हण, की झालं."

"बसमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला की म्हणायचा शब्द तो! तत्त्वासाठी लढणाऱ्यानं क्षमा मागायची नसते," मी म्हणालो. त्यावर एकोणीस वर्षं गेली. वसंतात ओवाद्या वारला.

मेलेल्याची क्षमा मागायची तर दहा माणसं घेऊन कबरीवर जावं लागतं. गेल्या आठवड्यात गेलो. गोदी दणाणून सोडणारा माझा गळा, पण शब्द फुटेना. याकोव्ह म्हणाला, "बोल की रे बाबा, शेवटची बस निघाली!" त्याच बसमध्ये माझी काठी एका बाईच्या पायावर टेकली. "स्लिखा," मी लगेच म्हणालो.

शेजारी ओवाद्याची बायको रुहामा बसली होती. म्हणाली, "दरवर्षी मोठ्या उपासाच्या आदल्या दिवशी, सगळे एकमेकांची क्षमा मागतात त्या दिवशी, तो दार उघडं टाकून बसायचा. मी म्हणायची, लाव ते, गार वारा येतोय. तर म्हणायचा, थांब गं, मेनाशेच्या गुडघ्यांना चार जिने चढायला वेळ लागतो."

मला पुरताना रिवाजाप्रमाणे लोक माझी क्षमा मागतील. ती सगळ्यांना आत्ताच दिली. भाषण कुणी करू नये. तिथून दहा जणांनी ओवाद्याच्या कबरीवर जावं आणि खालची ओळ वाचावी. सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

ओवाद्या, फितूर तू नव्हतास. स्लिखा.

हैफा, ज्यू पंचांगाप्रमाणे ९ तिशरी ५७४५, उपासाचा आदला दिवस
मेनाशे मोल्खो (सही)

साक्षीदार:
नाहुम सारफाती (सही)
रुहामा कोव्हो (सही, दोनदा वाचून)