पिल्लांच्या खोलीत शेगडी नको

बाबा,

छोट्या नुआराला लस टोचायला तिझी-वझूच्या दवाखान्यात नेतेय. बर्फाने रस्ता अडला तर रात्री तिथेच माझ्या माहेरी राहू.

शेगडी शोधू नका, शेजारी सक्कूराकडे दिलीय. वीज नाही म्हणून कोंबडीच्या पिल्लांपाशी कोळसे पेटवून दार लावून बसता. काल तुमचं डोकं जड झालं, ते सर्दीने नव्हे, कोळशाच्या वायूने. "शिकलेल्या सुनेला सगळीकडे विष दिसतं" म्हणाल, खुशाल म्हणा.

गरम पाण्याच्या बाटल्या लोकरीत गुंडाळून खोक्यात ठेवल्यात. पिल्लं गारठून एकमेकांवर चढू लागली की गॅसवर पाणी तापवून बदला. चोर्ब्याचं पातेलं झाकून ठेवलंय, सूप गार पिऊ नका.

एखादं पिल्लू दगावलंच, तर नुआराची समजूत मी काढीन. तुम्हाला काही झालं, तर माझी कोण काढणार?

वर्दिया