ओगोला आजोबांचा कोट

प्रिय अविनो,

गाठोडं लगेच सोडू नकोस, आधी पत्र वाच. आत कोट आहे, आणि तो बघून तू चिडणार हे मला ठाऊक आहे. तुमच्या होड्यांच्या घाटाकडे जाणारी गाडी दोनला सुटते, आता साडेबारा झालेत. सकाळपासून तीन कागद फाडले. दोन ओळी लिहिते, उठून अंगण झाडते, परत बसते. चुलीवरचे मासेही करपले या नादात.

शनिवारी तुमच्याकडे पेरणी. तुझ्यापाशी दीर एक रात्र राहून गेल्याशिवाय घराण्यात कुणालाच बी टाकता येणार नाही, हा तुझ्या सासूबाईंचा धोशा माझ्या कानावर आलाय. तुझा नवरा ओकुमू वारला त्याला चार महिने झाले, ढग भरून आलेत आणि सगळे तुझ्या तोंडाकडे बघताहेत. शुक्रवारी तुझा दीर ओडेरा येणार आणि तू हो म्हणालीस, हेही कळलं. मुलांना आधार होईल, असं तुला वाटतं. ओडेरा माणूस चांगला आहे. बायको आहे, तीन पोरं आहेत, म्हणून तर माझा जीव थाऱ्यावर नाही.

माझं म्हणशील तर दोन महिने एचआयव्हीच्या सर्व्हेवर आहे. पिशवीत बोट टोचायच्या सुया आणि छापील प्रश्न घेऊन दारोदार फिरते. मासळी विकणाऱ्या बायकांना विचारायचं, की मासे देणारा होडीवाला पैशांखेरीज आणखी काय मागतो. आधी त्या हसतात, मग खाली बघतात. न्यागिलो म्हातारीला घरी कोण कोण पुरुष येतात विचारलं, तर म्हणाली, "लिही बाई, एक मेला, एक पळाला, आता शेजाऱ्याचा बोकड तेवढा येतो." मी तसंच लिहिलं, आणि साहेबांची बोलणी खाल्ली.

एकोणिसावा प्रश्न मात्र मला नको वाटतो. नवरा गेल्यावर रीतीप्रमाणे कुणा पुरुषाबरोबर राहिलात का? मी तो भराभर वाचते आणि पुढे जाते. मागच्या आठवड्यात आमच्याच घराची पाळी आली. विचारणारी पोरगी कालपरवा कामाला लागलेली, मीच शिकवलेली. मी तिच्या डोळ्यांत बघून "नाही" म्हणाले. तेव्हापासून झोप नाही.

तू म्हणायचीस, ताई, तुझं पेरणीचं किती सुरळीत झालं. माझा नवरा गेल्यावर ओकिंडा दीर शुक्रवारी आला, शनिवारी मी बी टाकलं, मका कमरेच्या वर गेला. सासूबाई खूश झाल्या. माझा नवरा जाण्याआधी वर्षभर का झिजला, हे ना कुणी विचारलं, ना मी. रीत मोडल्याचा शाप लागला म्हणाले, मीही मान हलवली. तुझा ओकुमूही तसाच झिजला, अविनो. त्याच्या उशाशी बसून मी हेच बघत होते आणि गप्प होते.

आता कोटाचं. ओगोला आजोबा नात्याने तुझे चुलत दीरच, वयाने काहीही असोत. त्यांचा कोट रात्रभर खुंटीला टांगलास की रीत पाळली गेली, हे त्यांनी स्वतः जाऊन तुझ्या सासूबाईंना सांगितलंय. थोरल्याच्या शब्दापुढे त्यांचं काही चाललं नाही. मला कोट देताना म्हणाले, "माझ्यापेक्षा हाच बरा, खोकत तरी नाही." कोटाशी संसार करणाऱ्या बाईला लोक हसतात, असं तूच मागे म्हणाली होतीस. हसू देत. पेरणी आटोपली की हसणारे आपापल्या कामाला लागतील.

कोटाच्या आतल्या खिशात पिवळं कार्ड आहे. एचआयव्हीच्या दवाखान्याचं आहे, नाव माझं आहे. रक्तदाबाच्या म्हणून ज्या गोळ्या तू मला आठवणीने घ्यायला लावायचीस, त्या याच, नऊ वर्षं झाली. त्यांच्यावरच मी धडधाकट आहे. ओकिंडाने टेस्ट केली नाही आणि तिसऱ्या वर्षी गेला. त्याची बायको अबुटो, माझी जाऊ, दर महिन्याला दवाखान्यात माझ्याच रांगेत असते. मला उशीर झाला तर माझी जागा धरून ठेवते. एवढ्या वर्षांत तिने एक प्रश्न विचारला नाही. त्यापेक्षा तिने दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मला सोसल्या असत्या. काल तिच्या अंगणात बसून सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती, सोलतच राहिली. मग म्हणाली, "मला माहीत होतं. माझं व्हायचं ते झालं. ओडेराच्या बायकोला कोण सांगणार?" म्हणून हे पत्र. शुक्रवारी कोट टांग, शनिवारी बी टाक आणि सोमवारी टेस्टला ये. काहीही निघालं तरी गोळ्या आहेत आणि मी आहे. तुझी जागा अबुटो धरणार आहे.

तुझीच, इतकी वर्षं गप्प बसलेली,
अपोंडी