वारा लागू नये म्हणून

४ मार्च १९५६
"बायांनो, तुमची तक्रार मला ठाऊक आहे. घर बांधताना तुमचे मालक गवंड्याला विचारतात, सुताराला विचारतात, गोठा काढताना बैलाच्याही तोंडाकडे बघतात. जिचा सगळा जन्म त्या घरात जायचा, तिला मात्र कोणी विचारत नाही की बाई, तुला खिडकी कुठे हवी?"

उद्याच्या सभेची सुरुवात मी अशी करणार आहे. कमलला वाचून दाखवली. ती म्हणाली, सुरुवात झकास, पण मला तरी कुठे विचारलेत? मी हसलो आणि तिथल्या तिथे विचारले. ती म्हणाली, चुलीसमोर.

आज जळगावहून धुळे आणि तिथून मोटारीने पिंपरखेड्याला पोचलो. विकास योजनेत माझे काम व्याख्यानांचे. धूर, अंधार आणि सांडपाणी हे माझे शत्रू. पण नुसत्या बोलण्याने भिंत पडत नाही. म्हणून हे भाड्याचे धाब्याचे घर मी नमुन्याचे घर करणार. ज्याला वाटेल त्याने यावे, पाहावे, आपल्या घरी तसे करावे. मालक झुलाल नाना हरखले. म्हणाले, "भाडं बी देस आन घर बी सुधारी देस! असा भाडेकरू माले जन्मोजन्मी भेटो."

कमलला सातवा महिना आहे. पहिले बाळंतपण माहेरचे, पण बोदवडला तिची आई आता नाही. ती गेल्यापासून कमल माहेराचे नाव काढत नाही. आज मात्र ओसरीची तुळई पाहून म्हणाली, आखाजीला, लेकी माहेरी येतात त्या अक्षय्यतृतीयेला, इथे झोका बांधू.

१० मार्च
काम जोरात. स्वयंपाकघरात कंबरेइतका ओटा घातला. बाईने उभ्याने स्वयंपाक करावा, वाकून धूर का खावा? चुलीवर धुराडे, चुलीसमोर खिडकी. भिंतींना चुना, त्यात चिमूटभर नीळ. न्हाणीचे पाणी पन्हाळीने परसात नेले आणि तिथे केळी लावल्या. रस्त्याकडचा ओटा रुंद केला. आता संध्याकाळी बायका तिथे टेकतात आणि माझ्या धुराड्याला हसतात.

उरली मधली खोली, बाळंतिणीची. तिला खिडकी नाही, दार वाकून जाण्याएवढे, धाब्यातले उजेडाचे भोक चिंध्यांनी बुजवलेले. मी वना गवंड्याला पूर्वेच्या भिंतीत खिडकी पाडायला सांगितले. तो म्हणाला, "भाऊ, चोरले इतला तरास कशाले? त्याले दारच उघडी दे ना!"

१७ मार्च
वनाने पहार घातली आणि थांबला. भिंत एकसंध नव्हतीच म्हणायची. शेणमातीचे थर एकावर एक, पापुद्र्यासारखे. प्रत्येक थरावर सारवणाऱ्या बोटांचे फराटे, आणि प्रत्येक थराचा हात निराळा.

नानांची थोरली बहीण धुरपदाअक्का शेजारी राहते. गावची सुईण तीच. तिने सांगितले: या खोलीत नानांची पहिली बायको ताईबाई गेली, मग जाऊ सुंदरबाई, मग धाकटी सून. बाळंतिणीला वारा लागतो, वारा लागला की ती जाते. एक गेली की घरच्या बायका म्हणायच्या, कुठे तरी फट राहिली. आणि भिंत पुन्हा लिंपायच्या. म्हातारी अभिमानाने म्हणाली, "हायी खोलीमा मी कधी वारा येऊ दिन्हा नही."

मी तिला ओट्यावर उभे राहून तासभर व्याख्यान दिले. कोंडलेली हवा, शेगडी, धुरी, त्यावर चार गोधड्या. मारणारा वारा नव्हे अक्का, हे मारते! ती ऐकून घेऊन म्हणाली की भाऊ, तू बोलतोस फार गोड.

२५ मार्च
खिडकी झाली. सागाची चौकट, लोखंडी गज, बाहेर उघडणारी दारे. सकाळी ऊन थेट जमिनीवर उतरले. कमल त्या उन्हात बसून दुपटे शिवत होती. मी दारातून नुसता पाहत राहिलो. सभेत हजार माणूस टाळ्या देते, पण असे सुख मला कधी झाले नव्हते.

३० मार्च
दुपारी परतलो तर खिडकी नव्हती.

गज, चौकट, सगळे शेणमातीखाली. आतून लिंपलेले, ओले. मी अक्काच्या घरी जाऊन ओरडलो. तिने वाताने आखडलेली बोटे पुढे केली. "मन्हा हात दख भाऊ. माले भाकर थापता येत नही, भिंत काय सारवसू!"

मी खरडून सगळे पाडले.

५ एप्रिल
पुन्हा लिंपली. कुलूप घातले तरी पुन्हा. मग आज भर दुपारी मी खिडकीसमोर स्टूल टाकून बसलो.

जे पाहिले तेच लिहितो. आजवर भुताखेतांची मी भर सभेत थट्टा केली आहे. दुधावर साय धरते तशी चौकटीच्या कडेने माती धरू लागली. आत आत येत गेली. तिच्यावर बोटांचे फराटे उमटत होते. हात नव्हता. शेवटी मूठभर उजेड राहिला, मग तोही गेला.

१० एप्रिल
कमलला सगळे ठाऊक आहे! ती त्या गेलेल्या बाळंतिणींना भिऊन नाही. म्हणते, त्या येतात, माझ्याभोवती बसतात, डोक्यावरून हात फिरवतात. पदर कानावर ओढून देतात. पोरी, वारा लागेल, म्हणतात. मी म्हणालो, कमल, त्या याच खोलीत घुसमटून गेल्या. ती म्हणाली, त्यांना तसे कोणी सांगितलेच नाही. त्यांना अजून वाटते, वाऱ्यानेच नेले.

मग हळूच म्हणाली, आई गेल्यापासून माझे कान कोणी झाकले नव्हते हो.



२२ एप्रिल
तिला धुळ्याच्या दवाखान्यात हलवायचे ठरवले. खोलीला बाहेरून फळी ठोकली. ऊन असे की केळीची पाने करपली. पण ती थंडी वाजते म्हणते. ओसरीत निजवले तर सकाळी त्या खोलीत सापडली. फळी जागच्या जागी होती.

२८ एप्रिल
स्वयंपाकघराची खिडकी बुजली. धुराडेही. आता त्या घरभर फिरतात. परवा मोटार सांगितली आहे. परवा —

२ मे
सांगितलेली मोटार परवा आलीच नाही. आज सकाळी कळा सुरू. वेळेआधी. मोटारीसाठी आग्रा रस्त्यावर धावलो. परत आलो तर अक्का ओट्यावर छाती पिटत होती. कमल पुन्हा मधल्या खोलीतच सापडली, म्हणून फळी काढून अक्का तिच्यापाशी बसली होती. पाणी तापवायला बाहेर आली, आणि मागे वळते तो खोलीचे दार नाही. दाराच्या जागी भिंत.

मी आणि वनाने पहारी मारल्या. एक थर पडे, खाली दुसरा ओला.

आत शेगडी धगधगून विझलेली. कमल कुशीवर. मुलगी झाली होती. छातीशी, दुपट्यात, कान नीट बांधलेले. दोघींची पांघरुणे गळ्यापर्यंत खोचलेली. जिवापाड मायेने खोचलेली. कुठे जखम नाही. कपाळावर आठी नाही.

फक्त हवा नव्हती.

५ मे
गाव म्हणते, खिडकीने मारली. भाऊने भिंत फोडली, वारा शिरला. बायका रडत रडत घमेल्यांतून माती घेऊन आल्या, उरलेले लिंपायला. मी बोलायला उभा राहिलो. हजारांच्या सभा जिंकणारा मी. तसाच खाली बसलो.

९ मे
आज पुन्हा भिंत खरडली. वर नवा थर आहे. हात निराळा.

मी ओळखला. ती बोटे मी आठ वर्षे ताटाशी पाहिली आहेत —

कमल त्यांच्यात आहे.

११ मे
वनाची लेक मंदा बाळंतपणाला आली आहे. माझे पाहून त्याने तिच्या खोलीला खिडकी ठेवली होती. वना गल्ली ओलांडून धावत आला. बुजली. मी जाऊन पाहिले. ओले फराटे. तिचाच हात.

कमल, अगं —

ती दुष्ट नाही. तेच सोसत नाही. ती त्या पोरीची आई होते आहे.

१२ मे
मंदाच्या कळा. हलवण्यासारखी नाही. वनाला म्हटले, तू तुझी खिडकी फोडत राहा, मी कमलला माझ्याकडे बोलावतो. घरी मधल्या खोलीत येऊन बसलो. दार मीच ओढले. पूर्वेच्या भिंतीला ताटाएवढे भोक पाडले. म्हणालो, कमल, मला वारा लागतोय.

आली.

त्याही आल्या. सगळ्या. मातीचा वास. माझ्या कानावर उपरणे —

भोक वाटीएवढे. त्यातून वनाचा आवाज: "भाऊ! खिडकी उघडी शे! पोरगा व्हयना! रडस, आयक, रडस!" रडतो आहे. ऐकू आले मला. मंदाही बोलते आहे म्हणतो. जिवंत —

वना बाहेरून पहार मारतो. थर पडतो, थर येतो. हात थंड आहे कमलचा. किती जपते —

दम लागतो. बोलायचे ते लिहितो. बायांनो, भावांनो, त्यांच्यावर रागावू नका. तुम्हीही अशीच माया करता. पण तुमच्या घरातली ती खोली — बाळंतिणीची — आता लेक आली असेल आखाजीला, तिच्यासाठी — मुहूर्त पाहू नका, मला विचारू नका, आज दिवस मावळायच्या आत पहार घ्या आणि त्या खोलीच्या पूर्वेच्या भिंतीला